‘खळकन’, ‘धाडकन’ आणि ‘कुबट’ यांना कोशात बसवणारे मोल्सवर्थ

काचेचा पेला फुटला की ‘खळकन’ आवाज होतो. दार वाऱ्याने आपटले की ‘धाडकन’, ओला टॉवेल जमिनीवर पडला की ‘थपकन’ आणि फांदी मोडली की ‘काडकन’. मराठी माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही. पण हेच शब्द दुसऱ्या भाषेच्या माणसाला समजावून सांगायचे ठरवले, तर पंचाईत होते. ‘खळकन’ म्हणजे नेमके काय? आवाज काढून दाखवल्याशिवाय अर्थ सांगता येतो का?

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यापुढे हाच प्रश्न होता, आणि तोही एका शब्दापुरता नव्हे तर अशा असंख्य शब्दांसाठी. त्यांचे नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. मराठी-इंग्रजी कोशाचे कर्ते म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. त्यांचा कोश आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. मराठी माणूस आवाज आणि वास कसे सांगतो, याचा मोठा साठा या कोशात आहे. तो तिथे कसा जमा झाला, हे समजून घ्यायचे तर मोल्सवर्थ यांचे आयुष्य पाहायला हवे.

सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल झाले आणि मुंबई इलाख्यात आले. त्या वयात आलेल्या बहुतेक तरुण अधिकाऱ्यांचे आयुष्य कवायत, शिकार आणि बढतीची वाट पाहणे यांत जाई. मोल्सवर्थ यांना मात्र भाषेची ओढ लागली. संस्कृत आणि मराठी या दोन्ही भाषा ते चिकाटीने शिकले.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि फार मोठा मराठी मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. सारा वसूल करायचा, तंटे सोडवायचे, अर्ज वाचायचे, तर अधिकाऱ्याला मराठी समजणे भाग होते. तोवर उपलब्ध असलेली साधने तोकडी होती. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेला कोश १८१० मध्ये श्रीरामपूरहून निघाला होता, त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत होते. व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४ मध्ये आला. पण गावातल्या माणसाच्या तोंडची भाषा समजून घ्यायला ही पुस्तके पुरी पडत नव्हती.

सोलापूरच्या छावणीत असताना मोल्सवर्थ यांनी शब्द टिपायला सुरुवात केली. या कामात त्यांना थॉमस कँडी हा तरुण सहकारी मिळाला. थॉमस आणि त्यांचे जुळे भाऊ जॉर्ज हे दोघेही पुढे कोशाच्या कामात आले. शब्दांचा संग्रह वाढला, तसा मोल्सवर्थ यांनी सरकारपुढे मोठ्या कोशाचा प्रस्ताव ठेवला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. प्रस्ताव मंजूर झाला, मोल्सवर्थ यांची नेमणूक या कामावर झाली आणि त्यांच्या मदतीला शास्त्री-पंडितांचा एक गट देण्यात आला.

शब्द कोणता घ्यायचा?

कोश म्हणजे शब्दांची यादी, असे आपल्याला वाटते. पण यादी करण्याआधी एक अवघड निर्णय घ्यावा लागतो: कोणत्या शब्दाला ‘शब्द’ म्हणायचे?

त्या काळच्या विद्वत्तेत संस्कृताला मान होता. संस्कृतातून आलेला शब्द भारदस्त, फारसीतून आलेला दरबारी. ‘खडखड’, ‘बुळबुळीत’, ‘भणभण’ असले शब्द मात्र रोजच्या बोलण्यातले. त्यांची व्युत्पत्ती सांगता येत नाही, पोथीत ते फारसे भेटत नाहीत, शिवाय ते पोरकट वाटतात. असे शब्द गाळले असते, तरी त्या काळी कुणी फारशी तक्रार केली नसती.

मोल्सवर्थ यांनी ते गाळले नाहीत. त्यांच्या दृष्टीने भाषा म्हणजे माणसे बोलतात ती. म्हणून त्यांच्या कोशात पोथीतला शब्द आहे आणि बाजारातलाही. कवितेत येणारा शब्द आहे, शिवीही आहे, कोकणातला शब्द आहे आणि देशावरचाही. शब्द संस्कृत, अरबी, फारसी की हिंदी, याची खूण पुढे दिलेली असते. आवाजाच्या अनुकरणातून झालेल्या शब्दांसाठी त्यांनी वेगळी खूण वापरली. कोश उघडून ‘ख’, ‘ट’, ‘ठ’, ‘फ’ यांपैकी कोणत्याही अक्षराची काही पाने चाळली, तरी ‘अनुकरणवाचक’ या अर्थाची ही छोटी इंग्रजी खूण पुन्हा पुन्हा दिसते.

आवाजाचे व्याकरण

असे शब्द टिपताना एक गोष्ट ध्यानात येते. हे शब्द सुटे, मनाला येतील तसे केलेले आवाज नाहीत. त्यांना शिस्त आहे.

‘खड’ हा एक आवाज घ्या. तो दोनदा म्हटला की ‘खडखड’ होते, म्हणजे आवाज चालू राहतो. त्याचे क्रियापद होते ‘खडखडणे’, नाम होते ‘खडखडाट’, विशेषण होते ‘खडखडीत’. आवाज एकदाच आणि झटक्यात झाला, तर स्वर लांबतो आणि ‘खाडकन’ होते. ‘फडफड’ आणि ‘फाडकन’, ‘तडतड’ आणि ‘ताडकन’, ‘कडकड’ आणि ‘काडकन’ या जोड्या त्याच साच्यातल्या. मराठी मूल हा साचा शाळेत जाण्याआधीच शिकलेले असते.

‘-कन’ हे टोकही एकटे नाही. मोल्सवर्थ यांच्या कोशात अशा शब्दांच्या नोंदीत ‘-कन’, ‘-कर’, ‘-दिनी’ आणि ‘-दिशी’ ही चारही टोके एका ओळीत मांडलेली दिसतात. म्हणजे ‘खटकन’ म्हणा, ‘खटकर’ म्हणा, ‘खटदिनी’ किंवा ‘खटदिशी’ म्हणा; मुळातला ‘खट’ तोच. आज शहरी बोलण्यात ‘-कन’ उरला आहे, ‘-दिशी’ गावाकडे ऐकू येतो. ही चारही रूपे एकत्र नोंदवून ठेवल्यामुळे त्या काळच्या बोलण्याचा आवाका आपल्याला कळतो.

स्वर बदलला की अर्थाची छटाही बदलते. ओढा ‘खळखळ’ वाहतो, पण लहान मुलाचे खेळणे ‘खुळखुळ’ वाजते आणि म्हणूनच त्याला ‘खुळखुळा’ म्हणतात. वीज ‘कडकड’ करते, पण थंडीने माणूस ‘कुडकुडतो’. ‘अ’ मोठा आणि मोकळा, ‘उ’ लहान आणि कोंडलेला. व्यंजनांचेही तसेच. ‘कडकडाट’ टोकदार असतो, ‘गडगडाट’ जड आणि लोळत येणारा. पावसाळ्यात आकाशात दोन्ही होतात आणि कोणता आवाज कोणता, याविषयी मराठी माणसाचा गोंधळ होत नाही.

पुढची गंमत म्हणजे यातले कित्येक शब्द आवाज सोडून निघून जातात. दिवे ‘लखलखतात’, पण त्यांचा आवाज होत नाही. दात ‘ठणकतो’, जखम ‘चुरचुरते’, साबण ‘बुळबुळीत’ लागतो, छाती ‘धडधडते’ तेव्हा तिथे आवाज आणि भीती दोन्ही असतात. ऐकण्यासाठी घडलेला साचा पाहणे, स्पर्श आणि दुखणे यांच्याही कामी येतो. कोशकाराला या प्रत्येक शब्दासाठी इंग्रजीत जागा शोधायची होती. इंग्रजीत आवाजाचे शब्द आहेत, पण ते बहुतेक साधी क्रियापदे किंवा नामे म्हणून येतात. तिथे ‘-कन’सारखे टोक लावून वाटेल त्या आवाजाचे क्रियाविशेषण करण्याची सोय नाही. त्यामुळे मराठीच्या एका शब्दासमोर अनेकदा इंग्रजीची दोन-तीन ओळींची नोंद करावी लागे: कशाचा आवाज, तो कसा होतो, आणखी कुठे कुठे हा शब्द वापरतात.

नाकाचे शब्द

आवाजाची नक्कल तरी करता येते. वासाची नक्कल तोंडाने करता येत नाही. म्हणून बहुतेक भाषा वास सांगताना वस्तूचे नाव घेतात: गुलाबाचा वास, रॉकेलचा वास. मराठीही तसे करतेच. पण त्याखेरीज मराठीत वासासाठी स्वतंत्र शब्दांचा संच आहे आणि तो या कोशात भेटतो.

यातले काही संस्कृतातून आले आणि येताना त्यांनी अर्थ बदलला. संस्कृतात ‘दर्प’ म्हणजे गर्व. मराठीत ‘दर्प’ म्हणजे नाकात घुसणारा वास. ‘घ्राण’ म्हणजे नाक किंवा वास घेणे. त्यातून आलेल्या ‘घाण’ या शब्दाचा अर्थ आधी दुर्गंध आणि मग सगळीच अस्वच्छता असा पसरला. हीच ‘घाण’ झिजून शब्दांच्या शेपटाला चिकटली. करपलेल्या अन्नाची ‘करपटाण’, जुन्या तेलाची किंवा खोबऱ्याची ‘खवटाण’, तूप-तेलाच्या न धुतलेल्या भांड्याची ‘ओशटाण’ हे शब्द असे झाले. शेवटी ‘-आण’ ऐकू आले की मराठी नाक आधीच आक्रसते.

‘कुबट’ हा शब्द तर खास पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, बंद खोलीला येतो, ओल्या गोणपाटाला येतो. ‘कुबट’ हे कोणत्याही वस्तूचे नाव नाही. ते फक्त वासाचे नाव आहे. रंगांमध्ये जसा ‘लाल’ हा शब्द रक्त, कुंकू आणि मिरची या सगळ्यांना लागू होतो, तसाच हा शब्द आहे.

चांगल्या वासाची बाजूही रिकामी नाही. फुलांचा ‘परिमळ’ किंवा ‘दरवळ’, भाजलेल्या पिठाचा ‘खमंग’ वास, उदबत्तीचा ‘घमघमाट’. यातला ‘घमघम’ नीट पाहा. साचा अगदी आवाजाच्या शब्दाचा आहे, पण तो वापरला आहे वासासाठी.

इतर भाषांत काय होते?

मोल्सवर्थ कोश करत होते त्या शतकात युरोपातल्या विद्वानांना असे शब्द फार महत्त्वाचे वाटत नव्हते. भाषेचा जन्म आवाजाच्या नकलेतून झाला, असे एक मत होते. १८६१ मध्ये लंडनमधल्या व्याख्यानांत माक्स म्युलर यांनी त्या मताला कुत्र्याच्या भुंकण्याचे नाव देऊन त्याची थट्टा केली. पुढे १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांतही असे शब्द भाषेत थोडे आणि कडेला असतात, अशीच मांडणी होती.

सोस्यूर यांच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण नक्कलही भाषेप्रमाणे बदलते. कोंबडा जगभर सारखाच आरवतो. पण मराठी माणसाला ‘कुकूचकू’ ऐकू येते, फ्रेंच माणसाला ‘कोकोरिको’, जर्मनाला ‘किकेरिकी’, जपानी माणसाला ‘कोकेकोक्को’ आणि इंग्रजाला ‘कॉक-अ-डूडल-डू’. जपानी कुत्रा ‘वान वान’ करतो, आपला ‘भों भों’. प्रत्येक भाषा आपल्या जवळच्या अक्षरांतूनच आवाज ऐकते.

पण हे शब्द थोडे आणि कडेला असतात, हे म्हणणे साऱ्या भाषांना लागू पडत नाही. जपानी आणि कोरियन भाषांत असे शब्द मुबलक आहेत. चकाकण्यासाठी जपानीत ‘किराकिरा’ म्हणतात. आपल्या ‘लखलख’प्रमाणे त्यालाही आवाज नाही. भारतीय भाषांबद्दल १९६९ मध्ये मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा निबंध लिहिला. दोनदा म्हटले जाणारे अनुकरणवाचक शब्द आर्य आणि द्राविड या दोन्ही कुळांतल्या भाषांत सारख्याच साच्यात आढळतात, हे त्यांनी दाखवले. भाषांची कुळे वेगळी असली, तरी हजारो वर्षांच्या शेजारामुळे हे वैशिष्ट्य साऱ्या भारताचे झाले, असा त्याचा अर्थ. मराठी पाने ‘सळसळतात’, तमिळमध्ये ‘सलसल’ आहे. आपला ‘घमघमाट’ कन्नडमध्ये ‘घमघम’ आणि तेलुगूत ‘घुमघुम’ असतो. कन्नडच्या शेजारी वाढलेल्या मराठीत हे शब्द इतके भरलेले का, याचे एक उत्तर इथे मिळते. आणि ज्या सोलापुरात मोल्सवर्थ यांनी शब्द टिपले, तिथे मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा बोलल्या जातात.

वासाच्या बाबतीत मलाय द्वीपकल्पातल्या जहाई या वनवासी लोकांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांच्या भाषेत केवळ वासासाठी सुमारे डझनभर शब्द आहेत. पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा यांना लागू होणारा एकच शब्द आहे. वाघाला ओढून आणणाऱ्या रक्ताच्या वासाला वेगळा. २०१४ मध्ये आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी केलेल्या अभ्यासात जहाई लोकांनी वासांची नावे रंगांइतक्याच सहज सांगितली, तर इंग्रजी बोलणारे वासापाशी अडखळले. वास शब्दांत सांगता येत नाही, ही समजूत सगळ्या माणसांची नसून काही भाषांची आहे, असे त्यातून दिसले. आपला ‘कुबट’ जहाईंच्या शब्दांच्या जातीचा आहे.

दोन आवृत्त्या, मोडलेली तब्येत

मोल्सवर्थ यांच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये मुंबईत छापून निघाली. तिच्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. त्याच सुमारास, १८२९ मध्ये, जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकारी पंडितांचा मराठी-मराठी कोशही निघाला होता. मराठी शब्दांची मोजदाद एकाच वेळी दोन बाजूंनी चालू होती आणि दोन्हीकडे शास्त्रीमंडळींचे कष्ट होते. मोल्सवर्थ यांचे नाव मुखपृष्ठावर आले, पण शब्द आणणारी, त्यांचा अर्थ उलगडून सांगणारी माणसे मराठी होती. त्यांच्यात राहून काम करणाऱ्या या साहेबाला लोक ‘मोलेसरशास्त्री’ म्हणू लागले.

यानंतर त्यांनी इंग्रजी-मराठी कोशाचे काम हाती घेतले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. १८३० च्या दशकात त्यांना इंग्लंडला परतावे लागले. अर्धवट राहिलेला तो कोश थॉमस कँडी यांनी पुरा केला आणि तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ अत्यंत धार्मिक वृत्तीचे होते. शस्त्र बाळगण्याचा पेशा ख्रिस्ताच्या शिकवणीशी जुळत नाही, असे त्यांना वाटू लागले आणि त्यांनी सैन्यातली नोकरी सोडली. ज्या नोकरीमुळे ते मराठीपर्यंत पोहोचले, ती त्यांनी टाकली. मराठी मात्र टाकली नाही.

पहिल्या आवृत्तीची सुधारणा करण्यासाठी सरकारने त्यांना पुन्हा बोलावले. १८५१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, ते परत आले. महाबळेश्वर आणि पुणे इथे राहून त्यांनी सारा कोश पुन्हा तपासला. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. आता शब्द सुमारे साठ हजार झाले होते आणि पाने नऊशेहून अधिक. डॉ. जॉन विल्सन यांनी तिला मराठी भाषेविषयी विस्तृत टिपण जोडले. कँडी बंधूंचे साहाय्य याही वेळी होते. याच आवृत्तीवरून बाबा पदमनजी यांनी पुढे संक्षिप्त कोश तयार केला.

काम संपल्यावर मोल्सवर्थ मायदेशी परतले आणि १८७० च्या दशकाच्या आरंभी तिथेच त्यांचे निधन झाले.

कोशाच्या मर्यादा आणि त्याचे मोल

हा कोश सत्तेच्या गरजेतून झाला, हे विसरून चालत नाही. मराठी मुलुखावर राज्य करणाऱ्यांना मराठी समजावी, म्हणून सरकारने पैसा खर्च केला. मदतीला असलेले पंडित प्रामुख्याने ब्राह्मण होते. त्यामुळे कोळी, लोहार, धनगर, चांभार यांच्या तोंडचे शब्द कोशात आले, ते बहुतेक या मंडळींच्या कानांतून गाळून आले. कोणत्या बोलीला शिष्ट म्हणायचे आणि कोणत्या शब्दाला ग्राम्य ठरवायचे, यातही त्यांच्या समजुती उतरल्या.

तरीही जे आत आले, ते टिकले. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या जडणघडणीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा हा कोश त्यांचा मोठा आधार होता. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३० च्या दशकात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला, तोही या पायावरून पुढे गेला. १९७५ मध्ये पुण्यातून मोल्सवर्थ कोशाचे पुनर्मुद्रण झाले आणि आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही मोफत पाहता येतो.

आजच्या लेखी मराठीत आवाजाचे शब्द कमी होत चालले आहेत. बातमीत ‘मोठा आवाज झाला’ असे येते, मग तो ‘धाडकन’ होता की ‘फाडकन’, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘उग्र वास’ म्हटले की सगळे वास एकाच पोत्यात जातात. शब्द वापरातून गेला की ते ऐकण्याची आणि हुंगण्याची बारीक नजरही बोथट होते. कोश शब्दाला जिवंत ठेवू शकत नाही. ते काम बोलणाऱ्यांचे. पण शब्द कसा होता, कुठे लागत होता आणि त्याचे सगेसोयरे कोण, हे कोश सांगू शकतो. आजीच्या तोंडी ऐकलेला एखादा ‘-दिशी’ किंवा ‘-आण’वाला शब्द आठवत असेल, तर मोल्सवर्थ यांच्या कोशात तो शोधून पाहा. तो तिथे त्याच्या भावंडांसह एकाच ओळीत मांडलेला सापडण्याची शक्यता बरीच आहे.